हलेल तेच अन्न : चिमुकल्या पफर माशाला गोठवलेल्या खाद्याची सवय लावताना

दुकानातून पाण्याच्या पिशवीत घरी आलेला मटाराच्या दाण्याएवढा हिरवट-पिवळा मासा पहिल्याच दिवशी घरच्यांना कोड्यात टाकतो. पाण्यावर तरंगणाऱ्या पापुद्र्यांच्या खाद्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. गोळीचे खाद्य त्याच्या तोंडासमोरून तळाशी जाते आणि तिथेच कुजते. शीतपेटीतून आणलेल्या महागड्या अळ्या टाकल्या, तर तो जवळ येतो, डोळे फिरवून निरखतो आणि निघून जातो. चार-पाच दिवसांत त्याचे गोलसर पोट आत गेलेले दिसू लागते. मासा आजारी आहे, असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा समोर ठेवलेली वस्तू अन्न आहे, हेच त्याला उमगलेले नसते.

बाजारात ‘पी पफर’ किंवा ‘ड्वार्फ पफर’ या नावांनी विकला जाणारा हा मासा मूळचा भारतीय आहे. पश्चिम घाटातून उगम पावणाऱ्या केरळमधील नद्या आणि लगतच्या दक्षिण कर्नाटकाचा काही भाग, एवढाच त्याचा नैसर्गिक प्रदेश. होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये पंबा नदीतील नमुन्यांवरून त्याची नोंद केली. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘त्रावणकोरिकस’ हा शब्द तत्कालीन त्रावणकोर संस्थानावरून आला. कोकण किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यांची नासधूस करणारा केंड मासा ज्या कुळातला, त्याच कुळातला हा गोड्या पाण्यातील सदस्य. लांबी जेमतेम अडीच ते साडेतीन सेंटिमीटर. परंतु वृत्ती पूर्णपणे शिकाऱ्याची. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या सूचीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. बाजारात येणाऱ्या माशांपैकी बरेचसे आजही नदीतून पकडलेले असतात. त्यामुळे घरातील टाकीत उपासमारीने मेलेला प्रत्येक मासा हा नदीतून कायमचा उणा झालेला मासा असतो.

त्याच्या नकाराचे मूळ त्याच्या डोळ्यांत आहे. पफरचे दोन्ही डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात आणि त्याची शिकार प्रामुख्याने नजरेवर चालते. नदीकाठच्या पाणवनस्पतींमध्ये तो जागच्या जागी तरंगत राहतो. एखादी अळी वळवळली, जलपिसू टुणकन उडाली किंवा गोगलगायीने शिंगे बाहेर काढली, की शेपूट किंचित मुडपून तो नेम धरतो आणि क्षणात चोचीसारख्या दातांनी तुकडा तोडतो. हालचाल दिसली की भक्ष्य, हे समीकरण त्याच्यात उपजतच पक्के आहे. गोठवून मेलेली अळी रंगाने, वासाने आणि चवीने तीच असली, तरी निश्चल असते. ती नाकारण्यात माशाचा हट्ट नसतो. त्याच्या दृष्टीने तो पाण्यात पडलेला कचराच असतो.

म्हणूनच ‘उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला येथे घातक ठरतो. लायनफिश किंवा मोठी मरळ यांसारख्या धष्टपुष्ट शिकाऱ्यांना काही दिवसांचा उपवास सहज झेपतो आणि भुकेने त्यांची सावधगिरी काहीशी कमीही होते. मटाराएवढ्या माशाची गोष्ट वेगळी. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने ऊर्जेचा व्यय अधिक आणि चरबीचा साठा कमी. शिवाय पकडल्यापासून घाऊक व्यापारी, वाहतूक आणि दुकान असा प्रवास करून तो घरी पोहोचतो, तेव्हा बहुधा आधीच अर्धपोटी असतो. अशा माशावर भुकेचे हत्यार उगारले, तर तो शिकण्यापूर्वीच खंगतो.

मग त्याला कायम जिवंत खाद्यच का देऊ नये, असा प्रश्न उरतो. दुकानात सहज मिळणाऱ्या ट्युबिफेक्स अळ्या बहुधा सांडपाण्याच्या गाळातून गोळा केलेल्या असतात आणि त्यांच्यासोबत जंतू व परजीवीही टाकीत येतात. डासांच्या अळ्या पफरला अतिशय प्रिय. मात्र घरात पाणी साठवून त्या वाढवणे म्हणजे डेंग्यूला आमंत्रण, आणि अनेक महापालिका त्यासाठी दंडही आकारतात. अरोवाना, मरळ अशा मोठ्या माशांना जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची प्रथा तर त्याहून वाईट. गोल्डफिशच्या शरीरात जीवनसत्त्व ब-1 नष्ट करणारे विकर असते; केवळ त्याच आहारावर ठेवलेल्या शिकारी माशात कालांतराने त्या जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते. नामांकित उत्पादकांचे, निर्जंतुक करून गोठवलेले खाद्य या साऱ्या धोक्यांपासून बरेच मुक्त असते आणि वर्षभर मिळते. तेथपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र जिवंत खाद्यातूनच जाते.

पहिले काही दिवस शिकवणी नको. दाट वनस्पती, लपायला जागा आणि स्थिर पाणी मिळाले, की मासा निर्धास्त होतो. घाबरलेला शिकारी शिकार करत नाही. या काळात त्याला तो ओळखतो असे अन्न द्यावे. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली, तर आपल्याकडील तापमानात साधारण 24 ते 36 तासांत पिल्ले बाहेर येतात. ती गोड्या पाण्यात धुऊन द्यावीत. डॅफ्निया म्हणजे जलपिसू आणि लहान गोगलगायी हेही उत्तम. पोट पुन्हा गोलसर दिसू लागले, म्हणजे मासा शिकवणीस तयार झाला.

यानंतरची युक्ती मृत अन्नाला हालचाल देण्याची आहे. वितळवलेल्या अळ्या ड्रॉपरमध्ये घेऊन फिल्टरच्या प्रवाहात हळूच सोडल्या, तर त्या वळत-लवंडत माशासमोरून जातात. ज्या वेळी टाकीत जिवंत आर्टेमिया सुटलेला असतो आणि माशाने शिकारीला प्रारंभ केलेला असतो, तोच क्षण यासाठी सर्वांत अनुकूल. शिकारीच्या आवेशात तो एखादी मेलेली अळीही तोडतो. बहुधा लगेच थुंकतो. ही थुंकी म्हणजे अपयश नव्हे. अळी एकदा तोंडात गेली, की चवीची ओळख सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो तीच अळी गिळतो. पुढे जिवंत खाद्याचा वाटा थोडाथोडा घटवत न्यावा. कुणाला हे चार दिवसांत साधते, कुणाला महिना लागतो, आणि घाई करणाऱ्यास बहुधा दुप्पट वेळ लागतो.

प्रवाहाला न भुलणाऱ्या माशासाठी लांब चिमटा उपयोगी पडतो. अळीचे एक टोक धरून दुसरे टोक माशापासून काही अंतरावर किंचित थरथरवावे. चिमटा थेट तोंडावर नेला, तर मासा पळतो. भक्ष्य कधी शिकाऱ्याकडे धावून येत नसते. मोठ्या शिकाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते. लायनफिशला काडीच्या टोकावरील कोळंबी किंवा माशाचा तुकडा पोहत असल्यासारखा फिरवून दाखवतात.

टाकीत अनेक पफर असतील, तर एक धीट मासा अर्धे काम करतो. त्याने झडप घातली, की उरलेले त्या जागेकडे धावतात. मात्र तोच दांडगा मासा सगळे अन्न फस्त करून दुबळ्यांना हुसकावतो, म्हणून अन्न दोन-तीन ठिकाणी सोडावे आणि सर्वांत रोडावलेल्या माशाला जाळीच्या पेटीत वेगळे ठेवून शिकवावे.

खाद्याची हाताळणीही तितकीच महत्त्वाची. गोठवलेली वडी थेट टाकीत टाकू नये. टाकीतीलच वाटीभर पाण्यात ती वितळवावी, चहाच्या गाळणीने गाळून तांबडे पाणी फेकून द्यावे आणि प्रत्येक माशामागे मोजक्याच अळ्या द्याव्यात. उरलेले अन्न अर्ध्या तासात काढून घ्यावे. पफरला पाण्यातील अमोनिया मुळीच सोसत नाही, आणि शिकवणीच्या काळात नाकारलेल्या अन्नानेच टाकी बिघडण्याची शक्यता अधिक. वितळलेले खाद्य पुन्हा गोठवू नये. जिथे वीज तासन्तास जाते, तिथे लहान पाकीट आणणे शहाणपणाचे. लाल अळ्यांची काहींना ॲलर्जी होते, डोळे चुरचुरतात, त्वचेवर पुरळ उठते. म्हणून त्या हाताने न धरता चमच्याने घ्याव्यात.

भरपूर खाऊनही पोट खपाटीला गेलेले राहिले किंवा विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी दिसली, तर मात्र प्रश्न सवयीचा उरत नाही. नदीतून पकडलेल्या पफरमध्ये आतड्यांतील परजीवी बऱ्याचदा आढळतात. अशा वेळी जलचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध द्यावे लागते, आणि तोपर्यंत जे खाद्य तो खातो तेच चालू ठेवावे.

गोठवलेले खाद्य अंगवळणी पडल्यावरही आठवड्यातून एक-दोनदा लहान गोगलगायी टाकणे योग्य. पफरचे दात आयुष्यभर वाढतात आणि कवच फोडताना ते झिजतात. टाकी बदलली, नवा मासा आला किंवा घराबाहेर गेलेल्या मालकाच्या जागी शेजाऱ्याने खाद्य टाकले, तर शिकलेला मासाही कधी कधी पुन्हा तोंड फिरवतो. त्या वेळी एक पायरी मागे येऊन दोन दिवस आर्टेमिया द्यावा आणि ड्रॉपर पुन्हा हाती घ्यावा. दुसऱ्या खेपेला बहुतेक मासे लवकर वळणावर येतात.