हवेतील टाका

जुन्या लेसचे दालन पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम काहीसा निराशच होतो. उजेड मंद असतो. कारण प्रखर प्रकाशाने जुना धागा पिवळा पडतो व ठिसूळ होतो. काचेखाली फिकट पट्ट्या मांडलेल्या असतात. त्यांत पाहावयाचे काय, हे कळण्यासाठी ती लेस कशी घडते, हे आधी जाणून घ्यावे लागते.

व्हेनिसजवळील बुरानो बेटावर लेसचे एक संग्रहालय आहे. तेथील लेस केवळ सुईने होते. कागदावर नक्षी रेखून तो कापडावर बसवितात. रेषांवरून धागा टाचून घेतात. मग त्या धाग्याच्या आधाराने, आपल्या शिंप्याच्या काजासारखे टाके एकात एक गुंफीत, मधली जागा भरतात. सुई कापडात शिरत नाही. अखेरीस खालचे टाके कापले, की कागद व कापड गळून पडते आणि लेस तेवढी उरते. म्हणूनच सोळाव्या शतकात या कामास ‘हवेतील टाका’ असे नाव पडले.

ही कला इतकी मोलाची होती, की १६६५ मध्ये फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने आपल्या देशात तिचे कारखाने उभारले व व्हेनिसच्या कारागीर स्त्रिया तिकडे नेल्या. पुढे प्रजासत्ताकाचे वैभव लोपले, यंत्राची स्वस्त लेस आली आणि बुरानोतील सुया थांबल्या.

१८७२ च्या कडक हिवाळ्यात पाणी गोठले, मासेमारी बंद पडली, बेटावर उपासमार आली. तेव्हा या कामाची आठवण झाली. परंतु ते पुरते जाणणारी सेंचा स्कार्पारिओला नावाची एक वृद्धाच काय ती उरली होती. तिला टाका घालता येई, पण शिकविणे साधत नसे. आन्ना बेलोरियो देस्ते या शिक्षिकेने तिच्याजवळ बसून, तिच्या हातांकडे पाहत ती विद्या उचलली व मुलींना दिली. त्यातून निघालेली शाळा १९७० पर्यंत चालली. तिच्याच वास्तूत १९८१ मध्ये हे संग्रहालय उघडले.

काचेखालच्या पाटीवर बहुधा गाव असते, शतक असते. विणणारीचे नाव क्वचितच असते. सेंचाचे नाव राहिले, ते कोणी वेळीच तिच्याजवळ जाऊन बसले म्हणून. आपल्या घरातील एखाद्या वृद्धेच्या हातीही अशी विद्या असेल. तिच्याजवळ बसण्यास हिवाळ्याची वाट कशाला पाहावी?