जहाजाच्या एका खोलीत पाच जण

क्रूझ जहाजावरची साधी केबिन मुळात दोघांची. तिसऱ्या-चौथ्यासाठी भिंतीतून किंवा छतातून उघडणारे बर्थ, नाहीतर पलंग होणारा सोफा. रेल्वेच्या वरच्या बर्थवर झोपलेल्याला त्यात नवे काही नाही. पाचव्याची अडचण जागेइतकीच नियमाचीही असते. केबिनमधल्या माणसांची मर्यादा ठरलेली असते आणि प्रवाशांचा आकडा जीवरक्षक नौकांतील जागांशी जुळावा लागतो. तान्हे बाळही त्यात मोजतात. जागेची अडचणही आहेच. मुंबईहून 2021पासून फिरू लागलेले ‘एम्प्रेस’ जहाज 1990चे. त्या काळच्या केबिन आजच्या मानाने लहानच. त्यामुळे पाच जणांच्या कुटुंबाला मधले दार उघडणाऱ्या दोन शेजारच्या केबिन सोयीच्या. पाच जणांची खोली मोजक्याच जहाजांवर मिळते, आणि तीही लवकर भरते.