आभाळातून दिसणारा गाळ

भुसावळजवळ आगगाडीच्या खिडकीतून पावसाळ्यातली गढूळ तापी आपण पाहिली असेल. सुरतेपलीकडे ती खंबायतच्या आखाताला मिळते. पुढे तो गाळ जातो कुठे? जहाजांच्या वाटा बुजवणाऱ्या गाळाचा ठावठिकाणा लागायलाच हवा.

२६ मे १९९९ रोजी सोडलेल्या ओशनसॅट-१ या भारतीय उपग्रहाने ७२० किलोमीटर उंचीवरून समुद्राचे रंग टिपले. गाळाचे कण प्रकाश परतवतात, म्हणून गढूळ पट्टा उजळ दिसतो. पण ऐन पुरात नेमके ढग आड येतात! ढग सरल्यावर दिसतो तो गाळ नवा, की भरती-ओहोटीने तळातून घुसळून काढलेला जुनाच? आणि तो किती, हे जाणायला होडीच गाठावी लागते. बाटलीभर पाणी आणायचे, गाळायचे, उरलेला चिखल वाळवून तोलायचा.