गोळीला कल्हई

छापखान्यात हाताने खिळे जुळवण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जुळाऱ्याची काळवंडलेली बोटे आठवत असतील. त्या खिळ्यांचा धातू म्हणजे निव्वळ शिसे नव्हते. शुद्ध शिसे इतके मऊ की नखाने ओरखडा उठतो; दाबाखाली अक्षराची कड टिकायची नाही. म्हणून त्यात अँटिमनी आणि थोडे कथील मिसळत. ओळीच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे. पुढे वर्तमानपत्रे ऑफसेटवर गेली, हा धातू भंगारात निघाला आणि अमेरिकेत तो मिळवण्यासाठी एक वेगळीच मंडळी भंगारवाल्यांकडे खेटे घालू लागली : घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणारे हौशी लोक. अक्षर आणि गोळी यांचे हे सोयरेपण आपल्याकडेही एका योगायोगाने दिसते. जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तो १८६९ साली, आणि पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखानाही १८६९ चाच.

माझा या विषयाशी संबंध आला तो रंगाच्या बाजूने. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात माझी सगळी नोकरी पावडर कोटिंगमध्ये गेली. कपाटे, पंख्यांची पाती, खुर्च्यांचे सांगाडे यांवर रंगाची कोरडी पूड कशी धरते आणि भट्टीत ती वितळून कशी बसते, हेच मी वर्षानुवर्षे पाहिले. अशी पूड लोक शिशाच्या गोळीला लावतात असे वाचनात आले तेव्हा आधी हसू आले. मग कुतूहल वाटले, मिळेल ते वाचत गेलो आणि मागे जाता जाता थेट १८५७ पर्यंत पोचलो.

आधी हा छंद काय आहे ते सांगतो. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर टोपी, दारू आणि गोळी संपतात. पितळेची पुंगळी मात्र शाबूत राहते आणि ती पुन्हा पुन्हा भरता येते. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही; विक्रीसाठी बनवायची तर तो लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हाच आहे, त्यामुळे हा छंद आपण लांबूनच पाहायचा. तिकडे तो जुना आहे. जॉन बार्लो नावाच्या माणसाने १८८४ मध्ये ‘आयडियल’ कंपनी काढून गोळीचे साचे आणि हत्यारे विकायला सुरुवात केली. पुढे १९२५ मध्ये तो धंदा ‘लायमन’ने घेतला. पैसे वाचवायला म्हणून लोक या छंदात शिरतात आणि नंतर त्यातच रमतात. आपल्याकडे घरी दळलेल्या मसाल्याविषयी बायका ज्या ठामपणे बोलतात, त्याच ठामपणे हे लोक आपल्या मिश्रधातूविषयी बोलतात.

आता मूळ अडचण. बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसली तरच ती स्वतःभोवती फिरत, सरळ जाते. म्हणजे गोळी मऊ हवी. पण मऊ शिसे पोलादाला घासले की नळीत थर धरून बसते. त्यातही गोळी खाचांपेक्षा किंचित लहान असली तर मागचा तापलेला वायू कडेच्या फटीतून पुढे घुसतो आणि जाता जाता गोळीची कड कापतो, वितळवतो. तो थर खरवडून काढणे हे वैतागाचे काम. आणि थर साचत गेला की नेम बिघडतो. शिसे तर हवे, पण ते पोलादाला थेट लागायला नको. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचे तर आत कल्हई हवी, नाहीतर आमटी कळकते. शिसे आणि नळी यांच्यामध्येही अशी एक कल्हई लागते. गेली काही शतके बंदुकीचे कारागीर याच पातळ थराच्या शोधात आहेत.

सुरुवातीला हा थर कापडाचा होता. तेलात किंवा चरबीत भिजवलेल्या चिंधीत गोल गोळी गुंडाळायची आणि तोंडाकडून गजाने नळीत ठासायची. लढाईत या ठासण्याला वेळ फार जाई. फ्रान्सच्या मिन्ये या अधिकाऱ्याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली. ती नळीपेक्षा लहान, म्हणून सहज आत सरके. बार होताच बुडाची पोकळी फुगून खाचांत बसे. ब्रिटिशांची १८५३ ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावर होती. तिच्या काडतुसात दारू आणि गोळी एकाच कागदी वेष्टनात असे. शिपायाने टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी तिच्या भोवतालच्या कागदासकट आत ठासायची. तो कागद आणि त्यावरचे वंगण ही त्या गोळीची कल्हई. काळ्या दारूची काजळी नळीत कडक होऊन बसते. वंगणाने ती मऊ राहते आणि पुढची गोळी सरकते. हे वंगण होते मेण आणि जनावराची चरबी.

पुढचे आपण शाळेत शिकलो आहोत. फक्त तंत्राच्या बाजूने ते कधी पाहत नाही. कलकत्त्याला चरबीच्या पुरवठ्याचा करार झाला तेव्हा ती गाईची किंवा डुकराची नसावी अशी खबरदारी कुणी घेतली नव्हती. विलायतेत बसलेल्या शस्त्र-अभियंत्याच्या दृष्टीने चरबी म्हणजे एक वितळणबिंदू असलेला पदार्थ. दमदमच्या शिपायाच्या दृष्टीने तो दातांना लागणारा पदार्थ. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला कुजबुज सुरू झाली. महिनाअखेरीस सरकारने हुकूम काढला की शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. पण एकदा शंका आल्यावर कागदाची चकाकीसुद्धा संशयाची झाली. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांपुढे काडतुसे ठेवली. ८५ जणांनी ती घ्यायला नकार दिला. त्या दिवशीची काडतुसे जुन्याच, पूर्वीपासून वापरातल्या पद्धतीची होती. त्यांत काय आहे हा प्रश्नच उरला नव्हता. काडतूस देणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला होता. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकिकत येते ती याच भयाची. उठावाची कारणे पुष्कळ, आणि ती तोलण्याचा अधिकार इतिहासकारांचा. मला एवढेच नोंदवायचे आहे की गोळीवरचा थर कशाचा, हे दुसऱ्याने परस्पर ठरवले होते.

पुढे थर धातूचा झाला. १८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली, गोळीचा वेग वाढला आणि त्या वेगाला मेण-चरबी पुरेना. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशावर तांब्याचे कवच चढवले. फौजांपुरता प्रश्न मिटला. त्याच दमदममध्ये बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने टोकाशी कवच उघडे ठेवलेली, शरीरात फुटून पसरणारी गोळी काढली आणि १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी घातली, हे जाता जाता.

हौशी माणसाला घरी तांब्याचे कवच चढवणे सोपे नाही. तो मेणावरच राहिला. गोळीच्या अंगाला आडव्या खाचा आणि त्यांत वंगण भरलेले. विसाव्या शतकात गाजलेले मिश्रण म्हणजे निम्मे मधमाश्यांचे मेण आणि निम्मे ॲलॉक्स नावाचे खनिज तेलापासूनचे वंगण. चालते ते चांगले, पण धूर फार, हात चिकट, आणि त्या चिकट्यावर धूळ बसते. इथे आमच्या रंगाचा प्रवेश होतो.

पावडर कोटिंगची पूड म्हणजे बारीक दळलेले प्लॅस्टिक, बहुधा पॉलिएस्टर, त्यात रंगद्रव्य. कारखान्यात आम्ही ती विजेच्या उच्च दाबाने भारित करून फवारतो; वस्तू जमिनीला जोडलेली, म्हणून पूड तिला जाऊन चिकटते. हौशी लोकांनी यंत्राशिवाय हेच साधले, आणि त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. पॉलिप्रोपिलिनचा झाकणाचा डबा घ्यायचा, त्यात गोळ्या, चमचाभर पूड आणि खेळण्यातल्या बंदुकीचे प्लॅस्टिकचे मणी टाकायचे, आणि खाऱ्या काजूंना मसाला लावतात तसे गरगर फिरवायचे. घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि पूड शिशाला धरते. केसांना घासलेल्या फणीकडे कागदाचे कपटे धावतात, तेच शास्त्र. तिकडच्या थंडीतल्या कोरड्या हवेत हे छान जमते. दमट हवेत पूड गोळीवरून नुसती घसरते. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात हीच रड असे. गोळीला तेलाचा किंवा घामाचा हात लागलेला असला तरी पूड तिथे धरत नाही.

मग गोळ्या छोट्या विजेच्या भट्टीत, सुमारे २०० अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटे. पूड आधी वितळते, पसरते, आणि मग तिच्या रेणूंची जाळी विणली जाते. एकदा ही जाळी झाली की तो थर पुन्हा वितळत नाही. गुळाचा पाक गरम केल्यावर पुन्हा पातळ होतो, पण भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल होत नाही, तसे. नळीतली ती क्षणाच्या अंशाची आग आणि घर्षण हा थर सोसतो तो यामुळे. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून भट्टीत गोळी सुरक्षित. मात्र तो छापखान्याचा लायनोटाइप धातू २४० च्या आसपासच वितळतो आणि छोट्या भट्ट्यांच्या काट्यावर विसंबता येत नाही; ट्रेमध्ये गोळ्यांच्या जागी थारोळे सापडलेले लोक आहेत. वेगळा तापमापक ठेवावा हे उत्तम. थर पिकला की नाही हे दोन परीक्षांनी कळते. ॲसिटोनच्या फडक्याने घासल्यावर रंग उतरता कामा नये, आणि हातोडीने गोळी चपटी केली तरी रंगाचे पोपडे सुटता कामा नयेत. दुसरी परीक्षा आमच्या कारखान्यातही वेगळ्या रूपात होती. पत्रा वाकवून पाहायचो.

आता मापाकडे. रंगाने गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागाने, कधी दोन हजारांशांनी वाढतो. वर्कशॉपात याला आम्ही थाऊ म्हणतो. केस साधारण तीन थाऊ जाड असतो, म्हणजे गोष्ट केसाहून बारीक फरकाची आहे. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची कारखान्यात बनलेली कवचाची गोळी ०.३५५ इंच, घरी ओतलेली शिशाची गोळी बहुधा ०.३५६ किंवा ०.३५७ ठेवतात. नळीच्या खाचांपेक्षा थाऊभर मोठी, म्हणजे वायूला फट मिळत नाही. हे माप पुस्तकातून उचलून भागत नाही. मऊ शिशाचा एक तुकडा नळीतून हळूहळू ढकलून बाहेर काढतात आणि त्यावर उमटलेला ठसा मायक्रोमीटरने मोजतात. शिंपी माप घेतो तसे प्रत्येक नळीचे माप वेगळे घ्यायचे.

मग रंगवलेली गोळी पोलादी साच्याच्या गुळगुळीत भोकातून दांड्याच्या जोराने पार करतात. यालाच सायझिंग म्हणतात. साच्याच्या दोन अर्ध्यांत ओतलेली गोळी सहसा किंचित लंबगोल असते. या भोकातून ती खरी गोल होऊन निघते. रंग नीट पिकला नसेल तर इथेच सोलतो, म्हणून ही तिसरी परीक्षाच. शेवटचा धोका पुंगळीचा. तिचे तोंड आधी जरासे फाकवले नाही तर पितळेची धारदार कड गोळी बसताना रंग खरवडते, आणि एवढा खटाटोप केलेला थर शेवटच्या क्षणी फुकट जातो. माझ्या मते या सगळ्या उद्योगात मापाचे महत्त्व रंगाहून जास्त आहे. लहान गोळीला कितीही सुंदर जांभळा रंग दिला तरी वायू आपली वाट काढतोच. पण गप्पा रंगतात त्या जांभळ्याच्या आणि लालच्या.

राहिला शिशाचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी माणसाच्या रक्तात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंगामुळे हाताला शिसे कमी लागते, बारातून उडणारी शिशाची वाफ आणि धूळही काही प्रमाणात घटते. एवढ्यावर ‘आता धोका संपला’ म्हणणारे भेटतात. पण रंग चढतो तो ओतल्यानंतर. त्याआधी भांड्यावर जी राखाडी मळी येते, ती काढून टाकताना उडणारी पूड ही खरी घातक. ती कपड्यांवरून घरात, घरातून रांगत्या मुलांच्या हाताला जाते. शिवाय बहुतेक टोप्यांमध्ये शिशाचेच स्फोटक संयुग असते. त्याला कुठला रंग लावणार? ही भट्टी स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार असावी, याविषयी जाणत्या हौशी लोकांतही दुमत नाही.

आणि गोळी लक्ष्यावर गेल्यावरचा हिशेब वेगळाच आहे. कॅलिफोर्नियाचे काँडोर हे गिधाडाच्या जातीचे प्रचंड पक्षी १९८२ मध्ये जगात अवघे २२ उरले होते. शिकाऱ्यांनी टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन ते मरत. आपल्या गिधाडांचा घात डायक्लोफेनॅकने केला, त्यांचा शिशाने. १९८७ पर्यंत उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले, मग पुन्हा रानात सोडले. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, मग ती रंगवलेली असो वा नसो. पक्ष्याच्या पोटातले आम्ल वरचा रंग पाहत नाही. सोडलेल्या काँडोरांच्या पंखांवर क्रमांकाची चकती असते. त्यांना अधूनमधून जाळ्यात धरून रक्त तपासतात, आणि शिसे वाढलेले निघाले तर ते शरीराबाहेर काढणारे औषध देऊन पुन्हा सोडतात.