पेढीचा उंबरठा

आमच्या नागभीडच्या स्टेशनावर उतरलें कीं पिवळ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत गांवाचें नांव दिसतें. चष्मा घरीं विसरलेल्या वृद्धासही तें लांबून वाचतां येतें. नागपूरची अरुंद मापाची आगगाडी रूळ बदलण्यासाठीं २०१९ च्या नोव्हेंबरांत बंद झाली, पण गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील उतारूंस ही पाटी अजून बिनबोभाट वाट दाखविते. गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारीं मला तिची फार आठवण झाली.

दुपारीं मामंजी झोपाळ्यावर बसले होते. इतक्यांत त्यांच्या मोबाईलवर संदेश आला, कीं खात्यांतून एकोणीस हजार आठशें रुपये गेले. त्यांनीं कोणास पैसे पाठविले नव्हते कीं कोणास सांकेतिक अंक सांगितला नव्हता. शाखेला सुटी. "सूनबाई, बँकेचें पान उघडून बघ बरें, तक्रार कोठें नोंदवायची तें," ते शांतपणें म्हणाले. पण झोपाळा थांबला होता.

बँकेचें नांव येथें सांगत नाहीं. सांगून उपयोगही नाहीं, कारण तिच्या बहिणीही तशाच. पान उघडतांच गृहकर्जाची जाहिरात सबंध पडदा व्यापून बसली. ती मिटविण्याची फुली कोपऱ्यांत मोहरीएवढी. ती सांपडली, तर मागें हंसऱ्या जोडप्यांचीं चित्रें एकामागून एक सरकूं लागलीं. वरच्या पट्टींत 'पर्सनल', 'कॉर्पोरेट', 'ॲग्री', 'एनआरआय' असे विभाग होते. ज्याचे पैसे चोरीस गेले त्यानें आपली गणना यांपैकीं कशांत करावी? 'मराठी' या शब्दावर बोट ठेवलें तों मथळे तेवढे मराठी झाले. पुढचें पान पुन्हा इंग्रजी. अगदीं तळाशीं, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत, 'ग्रीव्हन्स' हा शब्द होता. मामंजींनीं हायस्कुलांत आयुष्यभर इंग्रजी शिकविलें, त्यांना तो कळला असता. पण दिसला नाहीं. मला दिसला, तोंवर बराच वेळ गेला होता.

इकडे जाऊबाईंनीं इंटरनेटवर बँकेचें नांव शोधून एक दूरध्वनिक्रमांक काढला आणि त्या तो लावणार, तोंच त्यांचा ब्रह्मपुरीच्या कॉलेजांत शिकणारा मुलगा ओरडला, "आई, हा क्रमांक बँकेचाच कशावरून?" त्याचें म्हणणें रास्त होतें. भामटे लोक बँकांच्या नांवावर आपले क्रमांक इंटरनेटवर पेरून ठेवतात आणि घाबरलेला मनुष्य आपण होऊन त्यांच्या हातीं सांपडतो. शेवटीं खरा क्रमांक कार्डाच्या पाठीवर मिळाला. कार्ड बंद करून तक्रार नोंदविण्यास तेवीस मिनिटें लागलीं.

मामंजींना मागाहून कळलें तें वाचकांनींही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं बँकांना जें परिपत्रक धाडलें, त्यांत असें ठरविलें कीं, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, भलत्याच ठिकाणीं घोटाळा झालेला, अशा प्रसंगीं बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार नाहीं. चार ते सात दिवसांत मर्यादित. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणें. ग्राहकाच्या हलगर्जीनें पैसे गेले असतील, तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. म्हणजे मिनिटामिनिटाला किंमत आहे. आणि गंमत ही, कीं याच परिपत्रकांत, अशा व्यवहारांची तक्रार करण्याची सरळ वाट बँकेनें संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरच ठेवावी, असेंही स्पष्ट लिहिलें होतें. आमच्या बँकेनेंही ती ठेवली होतीच म्हणावयाची; तळघरांत कां होईना!

असें कां होत असावें? माझा समज असा, कीं पहिलें पान हें एकत्र कुटुंबांतल्या एकुलत्या एका खुंटीसारखें असतें. कर्जखातें, विमाखातें, कार्डखातें, ज्याला त्याला आपली टोपी तिच्यावर अडकवावयाची असते. नवें गिऱ्हाईक आणणाऱ्याचा आग्रह मोठा; जुन्या खातेदाराच्या वतीनें भांडणारें त्या बैठकींत कोणी नसतें. पण त्या सरकत्या चित्रांनीं साधतें काय? डेन्मार्कांत जन्मलेले याकोब नील्सन यांनीं माणसें अशीं पानें कशीं वाचतात याचा बारकाईनें अभ्यास केला आहे. जाहिरातीसारखें जें जें दिसतें तें तें माणसाची नजर न पाहतांच ओलांडते, असें त्यांना आढळलें. आमचाही अनुभव निराळा नाहीं.

सुलभतेचे जागतिक दंडक २००८ पासून आहेत. साध्या अक्षरांचा व पार्श्वभूमीचा उजळपणा निदान साडेचारास एक या प्रमाणांत असावा, आणि पांच सेकंदांहून अधिक वेळ आपोआप हलणारें चित्र थांबवितां यावें, असें त्यांत आहे. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंही ३० एप्रिल २०२५ रोजीं, अशा सेवांपर्यंत पोंचतां येणें हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. तो खटला ॲसिडहल्ल्यांतील पीडितांचा आणि अंधांचा होता. परंतु म्हातारपणीं आपणां सर्वांची दृष्टि त्याच वाटेनें जाते.

एक गोष्ट मात्र सुधारली. पूर्वीं बँकेसारखा भासणारा पत्ता कोणासही घेतां येई. रिझर्व्ह बँकेनें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचे पत्ते घेण्यास सांगितलें, आणि ते बँकांव्यतिरिक्त कोणास मिळत नाहींत. पत्त्याचा शेवट आधीं वाचावयाचा, ही संवय आतां सासूबाईंनाही लागली आहे.

पैसे तक्रारीनंतर आठव्या दिवशीं खात्यांत दिसले. मामंजींनीं तोंवर कार्डावरचा क्रमांक आणि त्याखालीं सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईनें बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिला. खालीं पिवळा कागद चिकटविण्याची सूचना माझी होती.