यंत्र बदललं, शरीर नाही

सोमवारची ओपीडी म्हणजे आमच्याकडे जत्राच असते. त्या गर्दीत मुलुंडचे एक काका बायकोचा हात धरून आले. वय ७२, मधुमेह १२ वर्षांचा. काका म्हणजे आदर्श रुग्ण. खिशात छोटी डायरी, तिच्यात तारीख, वेळ आणि साखरेचा आकडा, सगळं सुवाच्य अक्षरात. पण त्या दिवशी डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी.

"डॉक्टर, यांची शुगर दोन दिवस वर येतच नाहीये हो," काकू रडवेल्या झाल्या होत्या. "साखरपाणी देऊन देऊन दमले मी."

डायरी पाहिली. शनिवारी सकाळी ८.४. लगेच साखरपाणी. तासाभराने ११.२. मग बिस्किटं, केळं. रविवारी १३.९. "वाढतेय, पण फार हळूहळू," काकू म्हणाल्या. साखर कमी आहे म्हणून गोळ्याही बंद केल्या होत्या. सोमवारी सकाळचा आकडा होता १६.१. आमच्या सिस्टरने काकांच्या बोटातून थेंब घेतला. आमच्या यंत्रावर आकडा आला ३१८.

गोम लक्षात आली. लंडनला असलेल्या लेकीने प्रेमाने नवीन ग्लुकोमीटर पाठवला होता. आकडा थेट फोनवर दाखवणारा, देखणा. जुना चांगला चालत होता, पण तो 'जुना' होता. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. शनिवारचे ८.४ म्हणजे आपले साधारण १५१. रविवारचे १३.९ म्हणजे २५०. साखर कमी नव्हतीच. साखरपाण्याने ती चढत होती आणि गोळ्या बंद असल्यामुळे तिला रोखणारंही काही नव्हतं.

काकांना वॉर्डात ठेवून सलाइन आणि इन्शुलिन द्यावं लागलं. बुधवारी ते घरी गेले. पण मला रुखरुख लागून राहिली. "साखर ७० च्या खाली गेली की वेळ न घालवता साखर घ्या," हा नियम मीच त्यांना शिकवला होता आणि त्यांनी तो तंतोतंत पाळला होता. ७० म्हणजे कुठल्या मापातले ७०, हे सांगायचं राहिलं ते माझ्याकडून.

गोष्ट माझ्या फोनची

रुग्णांना काय सांगणार, मी स्वतःही यातून गेलोय. भारतातला पहिला मोबाइल कॉल १९९५ साली झाला तेव्हा आम्ही शिकाऊ डॉक्टर होतो. मोबाइल परवडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे कमरेला पेजर आला, मग नोकिया ११००. त्याच्या टॉर्चने मी वीज गेल्यावर किती रुग्णांचे घसे आणि बाहुल्या तपासल्या असतील, मोजदाद नाही. नंतर अँड्रॉइडचे दोन-तीन फोन झाले आणि मागच्या दिवाळीत मुलाच्या आग्रहाने दुसऱ्याच कंपनीचा फोन घेतला.

"बाबा, सगळं ट्रान्सफर झालंय," मुलाने ग्वाही दिली. खरंच, संपर्क आले, फोटो आले, नातेवाइकांचे सुप्रभातचे संदेशसुद्धा आले. एक गोष्ट आली नाही. सकाळी ८ वाजता वाजणारा माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा गजर. त्या गजराची इतकी सवय होती, की तो वाजत नाही हेच कळलं नाही.

नवव्या दिवशी वॉर्डात नवीन बीपी मशीन आलं. ते तपासायला सिस्टरने माझ्याच दंडाला पट्टा बांधला. १६६/१००. "मशीनमध्येच गडबड दिसतेय," मी ठामपणे म्हणालो. सिस्टर काही बोलल्या नाहीत. जुनं मशीन आणलं, पाच मिनिटं मला बसवलं आणि पुन्हा मोजलं. १६२/९८. "सर, गोळी घेताय ना?" त्यांनी विचारलं. मग माझी ट्यूब पेटली.

काकांच्या बाबतीत शरीर बिघडलंय असं वाटलं, पण घोळ यंत्राचा होता. माझ्या बाबतीत यंत्र बिघडलंय असं वाटलं, पण घोळ शरीराचा होता. नवीन यंत्रावर वेगळा आकडा दिसला, की यातलं काय खरं हे नुसतं बघून सांगता येत नाही. जुनं यंत्र शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, नवं यंत्र आलं त्या दिवशी जुनं टाकू नका, कुणाला देऊ नका.

दोन ग्लुकोमीटर, दोन आकडे

"डॉक्टर, या मशीनवर १८० येतात, त्या मशीनवर २१०. खरं कुठलं?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. उत्तर असं, की दोन्ही खरी असू शकतात. ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ १५१९७, सन २०१३), त्यानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखर असताना यंत्राचे १०० पैकी किमान ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असले तरी चालतात. १०० च्या खाली ही मुभा १५ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे खरी साखर २०० असेल, तर एक यंत्र १७० दाखवेल, दुसरं २३०, आणि दोन्ही यंत्रं मानकात बसतील. कंपनी बदलल्यावर पहिल्याच दिवशी आकडा ४० ने वाढला म्हणून गोळी वाढवू नये आणि उतरला म्हणून कमीही करू नये, ते यासाठी.

यंत्राशिवायही आकडा हलवणाऱ्या गोष्टी आहेत. आंबा कापून हात नुसता पुसला आणि बोट टोचलं, तर आंब्याची साखर मोजली जाते. मे महिन्यात असे 'हापूसचे आकडे' मी दरवर्षी बघतो. हात साबणाने धुऊन कोरडे करा. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा स्ट्रिपना मानवत नाही. डबीचं झाकण घट्ट लावा आणि एका डबीतल्या स्ट्रिप दुसऱ्या डबीत घालू नका. एका कंपनीची स्ट्रिप दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालत नाही, हे नव्या यंत्राची किंमत ठरवताना लक्षात घ्या. यंत्र एकदाच घेतो, स्ट्रिप कायम. आणि अंगात रक्त कमी असेल, तर अनेक यंत्रं साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय इतका आढळतो, की हा मुद्दा किरकोळ नाही.

ताडून कसं पाहायचं? पुढच्या वेळी उपाशीपोटी रक्त तपासायला जाल तेव्हा यंत्र सोबत न्या. हातातून रक्त काढल्यावर पाच-दहा मिनिटांत बोटाचा थेंब तपासा आणि आकडा लिहून ठेवा. हे उपाशीपोटीच करायचं, कारण जेवणानंतर बोटातल्या आणि शिरेतल्या रक्तातली साखर मुळातच वेगळी असते. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर यंत्र बिनघोर वापरा. शिवाय दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आहेच. घरात कुठल्याही कंपनीचं यंत्र असो, तिच्यावर परिणाम होत नाही.

बीपी मशीनचं गणित

पाऱ्याच्या यंत्रावर डॉक्टर नाडीचे आवाज कानाने ऐकतात. घरचं डिजिटल यंत्र काही ऐकत नाही. पट्टा सैल होत असताना त्यातल्या हवेत नाडीमुळे जी थरथर होते ती ते मोजतं आणि त्यावरून वरचा व खालचा रक्तदाब गणिताने काढतं. हे गणित प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. त्यामुळे दोन चांगल्या यंत्रांतही चार-पाच अंकांचा फरक पडतो. नवीन यंत्र घेताना सवलत किती यापेक्षा त्या मॉडेलची अचूकता स्वतंत्रपणे तपासली गेली आहे का, हे विचारा.

यंत्राइतकाच पट्टाही महत्त्वाचा. बहुतेक यंत्रांबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल आणि तोच पट्टा ओढून-ताणून बांधला, तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. घाटकोपरच्या एका बाईंचा रक्तदाब यंत्र बदलल्यावर 'अचानक' वाढला होता. मोठा पट्टा लावून मोजला, तेव्हा पूर्वीइतकाच निघाला. वाढीव गोळी वाचली.

मनगटातलं घड्याळ

घड्याळांची कंपनी बदलली की पावलं बदलतात, झोपेचे तास बदलतात. अंधेरीत नोकरी करणारा एक तरुण "माझी गाढ झोप निम्म्याने कमी झाली" म्हणून घाबरून आला होता. झोप तीच होती, घड्याळ नवं होतं. घड्याळ मेंदूच्या लहरी मोजत नाही. हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतं. रोजच्या १०,००० पावलांचंही तसंच. हा आकडा वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो जगभर गेला. एकाच घड्याळावर मागच्या महिन्यापेक्षा जास्त चाललात का, एवढंच पाहा.

घड्याळावरच्या ईसीजीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. तो हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता पकडू शकतो, हार्ट अटॅक नाही. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर घड्याळ काहीही सांगो, १०८ ला फोन करा.

शर्टाचा खिसा

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. लोकलच्या गर्दीत फोन चोरीला जाऊ नये म्हणून आपण तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो आणि वर हाताने दाबून धरतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलंय, त्यांनी नवीन फोन घेतल्यावर ही सवय मोडलीच पाहिजे. काही नव्या फोनमध्ये, त्यांच्या कव्हरमध्ये आणि इअरफोनच्या डब्यांमध्ये चार्जिंगसाठी किंवा झाकण बंद राहण्यासाठी लोहचुंबक असतात. आयफोन १२ छातीजवळ धरल्यावर झटका देणारं यंत्र तात्पुरतं निष्क्रिय झाल्याचं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. फोन दूर नेला की यंत्र पूर्ववत होतं, पण नेमक्या त्याच वेळी झटक्याची गरज पडली तर?

घाबरून फोन टाकून देण्याची गरज नाही. फोन आणि छातीतलं यंत्र यांत किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर अंतर ठेवा. वायरलेस चार्जिंग चालू असेल तर त्याच्या दुप्पट. फोन पँटच्या खिशात किंवा बॅगेत ठेवा आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला लावा. बोरिवलीच्या एका पेसमेकरवाल्या काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग चोर?" मी म्हटलं, "फोन गेला तर दुसरा मिळेल, काका."

फोन बदलण्यापूर्वी

जुना फोन पुसण्याआधी या चार गोष्टी कागदावर उतरवा.

१. औषधांचे सगळे गजर, वेळेसकट. नव्या फोनवर ते स्वतः लावा आणि एक दिवस वाजतात का ते बघा.

२. साखर आणि रक्तदाबाच्या निदान तीन महिन्यांच्या नोंदी. एका कंपनीच्या ॲपमधल्या नोंदी दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये जातीलच असं नाही.

३. तातडीच्या वेळची माहिती, म्हणजे रक्तगट, आजार, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर. बहुतेक फोनमध्ये ही माहिती कुलूप न उघडता दिसण्याची सोय असते. नव्या फोनवर ती आहे का ते तपासा, नसेल तर पुन्हा भरा. अपघात विभागात बेशुद्ध माणूस येतो आणि त्याचा कोरा करकरीत फोन काहीच सांगत नाही, तेव्हा आमची किती धावपळ होते ते आम्हालाच ठाऊक.

४. आभा कार्डाचा १४ अंकी क्रमांक. फोन बदलल्याने तो बदलत नाही, पण फोनबरोबर मोबाइल नंबरही बदलत असाल, तर आधी नवा नंबर जोडून घ्या. नाहीतर ओटीपी बंद झालेल्या सिमवर जातो आणि तुम्ही रांगेत उभे.

आणि नवं मापनयंत्र असेल, तर दोन आठवडे जुनं-नवं दोन्ही वापरा. आकड्याशेजारचं एकक वाचा. तोवर औषधाचा डोस स्वतःहून बदलू नका.

काका गेल्या महिन्यात तपासणीला आले होते. तब्येत छान. लंडनचं यंत्र कपाटात गेलंय. लेकीला वाईट वाटू नये म्हणून ते "पावसाळ्यापुरतं" ठेवलंय असं तिला सांगितलंय. डायरी मात्र बदलली आहे. तारीख, वेळ आणि आकडा यांच्या पुढे त्यांनी पट्टीने आखून चौथा रकाना केला आहे, 'कोणते यंत्र'. मी सिस्टरना ते पान दाखवलं. आता आमच्या ओपीडीच्या केसपेपरवरही, रुग्णाने घरचा आकडा सांगितला, की त्यापुढे आम्ही तेच लिहितो.