प्लिमथचे कर्ज

१६२० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरात अमेरिकेला निघालेल्या कुटुंबांनी आपल्या शिधासामग्रीतील लोण्याची कित्येक पिंपे विकून टाकली. बंदरातील देणी भागवल्याशिवाय जहाज हलणार नव्हते. ‘मेफ्लॉवर’च्या या प्रवाशांचा धर्मस्वातंत्र्याचा ध्यास जगाला ठाऊक आहे, त्यांच्या डोक्यावरील कर्जाची हकिगत मात्र क्वचितच सांगितली जाते.

लंडनच्या सुमारे सत्तर व्यापाऱ्यांनी या वसाहतीत भांडवल घातले होते. एक भाग दहा पौंडांचा. सोळा वर्षांवरील प्रत्येक वसाहतकऱ्याची अंगमेहनतही एक भाग धरली गेली. सात वर्षे सारी कमाई सामाईक, मग वाटणी. आठवड्यातील दोन दिवस स्वतःच्या कामासाठी मिळावेत, ही मुभा व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी टॉमस वेस्टन यांनी ऐनवेळी काढून घेतली. प्रवाशांनी सही नाकारली, वेस्टन रागाने निघून गेले आणि लोणी विकण्याची पाळी आली.

१०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. साथीने ओस पडलेल्या पटक्सेट या मूळ रहिवाशांच्या गावाच्या जागी उरलेल्यांनी घरे बांधली. पूर्वी इंग्रजांनी पळवून नेल्यामुळेच त्या साथीतून वाचलेल्या टिस्क्वांटमने त्यांना मका लावायला शिकवले. १६२१ च्या नोव्हेंबरात ‘फॉर्च्यून’ जहाज ३५ नवी माणसे घेऊन आले, पण शिधा न घेता. सोबत वेस्टन यांचे खरमरीत पत्र होते : मेफ्लॉवर रिकामे का परत पाठवले? ते गव्हर्नर जॉन कार्व्हर यांच्या नावे होते आणि कार्व्हर तर एप्रिलमध्येच वारले होते. नवे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी कळवले की, बुडालेला नफा सोसता येईल, गेलेल्या माणसांचे मोल कशानेही होणार नाही. तरीही त्यांनी त्याच जहाजातून लाकूड व कातडी मिळून सुमारे पाचशे पौंडांचा माल पाठवला. वाटेत तो फ्रेंचांनी लुटला!

१६२३ मध्ये प्रत्येक कुटुंबाला मक्यासाठी वेगळी जमीन मिळाली आणि स्त्रियाही मुलांना घेऊन शेतात उतरल्या. दोन वर्षांनी वाढावा मका केनेबेक नदीकाठच्या मूळ रहिवाशांकडे नेऊन त्यांनी बदल्यात सातशे पौंड वजनाची बीव्हरची कातडी आणली. युरोपात टोप्यांसाठी तिला मोठी मागणी होती. कर्जफेडीचा सारा भार असा एका मुक्या प्राण्याच्या जिवावर पडला, ही या कथेची कडू बाजू होय.

१६२६ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांचे भाग १८०० पौंडांना विकत घेण्याचे ठरले; दरवर्षी दोनशे, नऊ हप्ते. दुसऱ्या वर्षी ब्रॅडफर्ड व अन्य सात जणांनी लंडनच्या चार स्नेह्यांसह हे देणे स्वतःच्या नावावर घेतले. मोबदल्यात सहा वर्षांचा व्यापाराचा मक्ता. मुखत्यार म्हणून आयझॅक अॅलर्टन लंडनला जात-येत. त्यांनी भरमसाट व्याजाने पैसे उचलले, खासगी माल सामाईक मालात मिसळला. वसाहतीतील सर्वांना पूज्य असलेले विल्यम ब्रूस्टर हे त्यांचे सासरे. त्यामुळे जाब विचारायला सारेच कचरत. अखेर त्यांना दूर केले, तेव्हा देणे मूळ रकमेच्याही वर गेले होते. पुढे हजारो पौंड वजनाची कातडी लंडनला गेली, पण तिथल्या भागीदारांकडून नीट हिशेब काही येईना.

शेवटी १६४० नंतर तडजोड झाली. ब्रॅडफर्ड, स्टँडिश, विन्स्लो, ऑल्डन आणि प्रेन्स यांनी स्वतःची काही घरे व जमिनी देऊन उरलेली रक्कम चुकती केली. तोवर साउदॅम्प्टनच्या त्या विक्रीला पाव शतक उलटून गेले होते.